हिवाळ्यातले लीडर

भोकरात त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. शाळेत ते सर, घरी 'अहो' आणि हिवाळ्यात लीडर. तरुणपणी हिमालयातलं एक शिबिर करून आले होते. त्याचा बिल्ला अजून टोपीवर आहे, टोपी तिसरी.

मार्गशीर्षात एका शुक्रवारी रात्री ग्रुपवर सूचना पडते : 'पहाटे नंदीग्राम. बूट सक्तीचे. उशिरा येणाऱ्यासाठी गाडी थांबणार नाही, मीही नाही.' पहाटे फलाटावर आम्ही बावीस जण. सॅकमध्ये दशम्या, ठेचा आणि घरच्यांनी कोंबलेली कानटोपी. लीडर शिट्टी फुंकतात. बाकड्याखालची कुत्री उठतात, आणि ही गाडी कुणी सोडली म्हणून स्टेशनातलं कुणीतरी खिडकीतून डोकावतं. मग हजेरी. डब्यात चढल्यावर पुन्हा हजेरी, हिमायतनगरला आणखी एकदा. धावत्या गाडीतून कोण कुठं जाणार? "डोंगरात माणूस हरवतो," लीडर सांगतात. डोंगर अजून दिसतसुद्धा नसतो.

सहस्रकुंड मागं पडलं की व्याख्यान सुरू. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित ठरवलेल्या जमाती तीन : कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. किनवट तालुका 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. मग आवाज खाली आणून हायमेनडॉर्फ. हा ऑस्ट्रियन माणूस चाळीसच्या दशकात पलीकडच्या मार्लावाईत गोंडांमध्ये जाऊन राहिला, गोंडी शिकला, तिथं गोंड शिक्षक तयार करायचं केंद्र निघालं. "त्याच्यानंतर या भागात सातत्यानं येणारा..." असं म्हणून लीडर खिडकीबाहेर बघतात. वाक्य आपण पूर्ण करायचं असतं. हायमेनडॉर्फच्या बाई 1987 साली वारल्या, त्यांची समाधीही मार्लावाईतच आहे. आमच्या वहिनी मात्र अजून भोकर स्टेशनापर्यंतही आलेल्या नाहीत.

किनवटला उतरून जीप, जीप संपली की पायवाट. लीडर होकायंत्र काढतात आणि बराच वेळ त्याच्याकडे बघतात. तेवढ्यात मागून कोलामांच्या पोडावरचा नाईक येतो. पायात स्लिपर, खांद्यावर रेशनचा तांदूळ. "चला सर," म्हणतो आणि पुढं होतो. आमच्या पत्रकात जी वाट 'मध्यम ते कठीण' होती, ती त्याची रेशन आणायची वाट. पहिल्या चढावर आमच्यातले चौघं बसले, तेव्हा तो तांदूळ वर ठेवून त्यांच्या सॅका न्यायला परत खाली आला.

पोडात शाळेचा व्हरांडा म्हणजे बेस कॅम्प. लीडर म्हणतात, "यांची भाषा कोलामी, द्राविडी कुळातली. बाहेरच्यांशी संवाद अवघड." नाईक कोलामी बोलतो, गोंडी बोलतो, आदिलाबादच्या बाजारात तेलुगू आणि आमच्याशी मराठी. लीडरना मराठी येते, आणि रागावले की हिंदी.

दुसऱ्या दिवशी खालच्या गोंडगुड्यात गुसाडी नाच बघायचा होता. पत्रकात मोरपिसांच्या टोपाचं चित्रही होतं. तिथला म्हातारा म्हणाला, "गुसाडी दिवाळीत नाचतो सर. आता तो तुरीच्या राखणीला गेलाय." लीडरनी आम्हाला तूर दाखवली.

एक गोष्ट मात्र पत्रकात नसते. टोपी, शिट्टी, वही आणि दरसाल येणं, एवढ्यावरून पोडातल्यांनी लीडरना केव्हाच कुठलेतरी साहेब ठरवून टाकलंय. रात्री शेकोटीपाशी नाईक कागद आणून देतो : विहिरीचा गाळ, पांदण रस्ता, जातीचा दाखला. दोन वर्षांपूर्वी एकदा त्यांनी खरं सांगून पाहिलं होतं, "अहो, मी साधा मास्तर." नाईक हसला. साहेबांनी असं बोलायचं असतं, हे त्यालाही ठाऊक होतं. "असू द्या सर, गेल्या साली हातपंप दुरुस्त झाला." लीडरनी कागद घेतला, सॅकच्या आतल्या कप्प्यात, बिस्किटांच्या खाली ठेवला.

सोमवारी दुपारी किनवटच्या फलाटावर त्यांनी हजेरी घेतली. बावीस. "कुणीही हलायचं नाही. मी चहा घेऊन आलो," म्हणून गेले. चहावाला फलाटावरच उभा होता. गाडी आली, आम्ही चढलो, गाडी सुटली. हिमायतनगर येईपर्यंत आम्ही बाकांखालीसुद्धा बघून घेतलं.

भोकर जवळ आल्यावर ग्रुपवर एक फोटो आला : चार अर्ज, चारही पोचींवर आवक-जावकचा शिक्का, त्यावर नंबर. बहुधा चुकून आला असावा, कारण मिनिटभरात तो पुसला गेला. त्याच्या जागी दुसरी सूचना पडली :

'सर्वांनी आपापली हजेरी द्यावी. माणूस हरवता कामा नये. मी रात्रीच्या गाडीनं येतोय. घरी कुणी सांगू नये.'