एक सप्तक खाली

माझ्या स्पीकरना खर्ज नाही हे मला बारा वर्षं माहीत नव्हतं, आणि त्या बारा वर्षांत माझं काही म्हणजे काही बिघडलं नव्हतं. शब्दकोशाच्या दोन खंडांसारखे ते कपाटावर बसलेले असत, मी रविवारी सकाळी रेकॉर्ड लावी, आई तिच्या खोलीतून ‘जरा हळू’ म्हणे आणि सगळं यथास्थित चाले. मग एकदा एका मित्राच्या घरी गेलो. त्याचे स्पीकर माणसाच्या छातीपर्यंत येणारे. त्याने तबला लावला आणि डग्ग्याची मींड सोफ्याच्या गादीतून वर आली. घरी येऊन तीच रेकॉर्ड मी माझ्या स्पीकरवर लावली, तर बिस्किटांच्या रिकाम्या डब्यावर कुणीतरी टिचक्या मारत होतं.

शहाण्या माणसाने मोठे स्पीकर घेतले असते. मी विषय काढून पाहिला. “या घरात आणखी एक खोकं आलं, तर एक माणूस बाहेर जाईल,” असं हिने शांतपणे सांगितलं. कोणता माणूस, ते सांगितलं नाही. गरज नव्हती.

मग मी वाचायला लागलो, आणि माझ्या बाबतीत सगळी संकटं इथूनच सुरू होतात. बंद खोक्यातला स्पीकर म्हणजे हवेच्या उशीवर बसलेला पडदा, ही एडगर व्हिल्चर यांची १९५४ सालची युक्ती. छोट्या खोक्यातून खोल आवाज निघाला तो त्यामुळे. पण या उशीचा स्वतःचा एक स्वर असतो. माझ्या स्पीकरचा तो साधारण ८० हर्ट्झला आहे. त्याच्या खाली गेलं की आवाज उताराला लागतो आणि सप्तकामागे १२ डेसिबल घसरतो. गंमत अशी, की ही घसरण अगदी हिशेबी असते, हिमालयाच्या उतारासारखी वेडीवाकडी नाही. आणि जे हिशेबाने घसरतं ते हिशेबाने वर उचलता येतं. अँप्लिफायरच्या आधी एक छोटं सर्किट घालायचं, स्पीकर जेवढा खाली पडतो तेवढंच त्याने आधीच वर ढकलायचं, की ८० चा स्पीकर थेट ४० हर्ट्झचा असल्यासारखा वागायला लागतो. एक सप्तक खाली! बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ वर वाजते, म्हणजे तीसुद्धा टप्प्यात. अमर बोस यांनी १९६८ मध्ये नऊ छोट्या स्पीकरचं जे प्रसिद्ध खोकं काढलं, त्याच्याबरोबरही असाच एक इक्वलायझर येत असे. मी ज्याच्या मागे लागलो, ते मात्र झिगफ्रीड लिंकविट्झ यांच्या नावाचं सर्किट. हा जर्मन माणूस कॅलिफोर्नियात मोजमापाची यंत्रं बनवायची नोकरी करी आणि घरी हौसेने स्पीकर करी. मीही नोकरी करून घरी हौसेने करणार होतो. आमच्यातलं साम्य एवढंच.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. काउंटरवरच्या पोराला ५५३२ नंबरचा आयसी मागितला. “काका, ओरिजनल पाहिजे का चालणारा?” मी बाणेदारपणे ‘ओरिजनल’ म्हटलं. त्याने दोन्हींच्या एकाच डबीतून काढून दिला, फक्त भाव वेगळा सांगितला.

सर्किटाची पट्टी घरीच करायची असं ठरवलं. तांब्याच्या पत्र्यावर मार्करने रेघा ओढायच्या आणि फेरिक क्लोराइडच्या पाण्यात बुडवायच्या, की रेघांखालचं तांबं राहतं आणि बाकीचं विरघळतं. प्लास्टिकचं भांडं घ्यावं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मला वाटलं, स्टेनलेस म्हणजे स्टेनलेस. मांडणीवरची एक खोलगट स्टीलची ताटली घेतली, बाथरूमचं दार लावलं आणि अर्धा तास ती झुलवत बसलो. फेरिक क्लोराइड तांब्यात आणि स्टीलमध्ये भेदभाव करत नाही. पट्टी छान झाली. ताटलीला देवीचे व्रण आल्यासारखे खड्डे पडले आणि तिच्या काठावर यंत्राने कोरलेलं ‘मामांकडून सप्रेम’ यातलं फक्त ‘कडून’ उरलं. बाथरूमच्या फरशीवरचा पिवळा डाग अजून आहे. पाहुणे त्याकडे बघतात आणि भलताच अर्थ काढतात.

सोल्डरिंगला रात्रीचा मुहूर्त धरला. तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे दहा हजार ओहम आणि तपकिरी-काळा-लाल म्हणजे एक हजार, हे मला शाळेपासून पाठ आहे. पाठ असून उपयोग काय, ट्यूबच्या उजेडात माझ्या वयाच्या डोळ्यांना नारिंगी आणि लाल ही सख्खी भावंडं दिसतात. परिणामी पहिल्या दिवशी खर्ज जागच्या जागी राहिला आणि जे वर यायला नको होतं ते सगळं वर आलं. बातम्या देणाऱ्या बाई रांजणात तोंड घालून बोलत होत्या. त्याच आठवड्यात बिल्डिंगची पाण्याची मोटर चालू-बंद करायची पाळी आमच्याकडे होती, आणि मी एकेक रेझिस्टर उपटून भिंगाखाली धरत असताना गच्चीवरून पाऊण तास धबधबा चालला होता. खालचे काका छत्री घेऊन वर आले. ऐन एप्रिलमध्ये.

रेझिस्टर बदलले. आता बसेल नीट, म्हणून स्विच लावला आणि घरभर एक गंभीर, अखंड घूं घुमला. आई खोलीतून म्हणाली, “कोण गेलं?” ट्रान्सफॉर्मर मी सर्किटाला खेटून त्याच डबीत कोंबला होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ८० च्या खालचं सगळं इमानेइतबारे वर उचल, असं मीच सर्किटाला सांगितलेलं, त्यामुळे विजेची घुणघुणही त्याने दुपटीहून जास्त मोठी करून माझ्या पुढ्यात ठेवली. खर्ज आणि कचरा यांतला फरक त्याला कळत नाही. ट्रान्सफॉर्मरला वेगळी डबी केली. ती श्रीखंडाची होती.

मग खरी रेकॉर्ड लावली. आवाज यायच्या आधीच मला दिसलं, की स्पीकरचा पडदा बेडकाच्या गळ्यासारखा फुगतोय आणि आत जातोय. माझी ती रेकॉर्ड उन्हात राहून किंचित वाकलेली आहे. मिनिटाला सव्वातेहतीस-साडेतेहतीस फेरे घेताना सुई टेकडी चढते आणि उतरते. तो चढ-उतार कानाला ऐकू येत नाही, इतका खालचा, पण सर्किटाला ऐकू येतो, आणि अगदी तळाशी तर ते पूर्ण बारा डेसिबल देतं. बारा डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात पडद्याला चौपट हलावं लागतं आणि अँप्लिफायरला सोळापट ताकद लावावी लागते. एक सप्तक खाली जायचं भाडं सोळापट! रिक्षावालासुद्धा रात्री दीडपट मागतो. मी हा हिशेब मनात करत असतानाच डावा स्पीकर टॉक असं म्हणाला, आणि मग इस्त्री विसरल्यासारखा वास आला.

त्याच गल्लीत नवी कॉईल बसवून घेतली. कारागिराने जुनी कॉईल चिमट्यात धरून उजेडात पाहिली, काळी, पोटाशी सुटलेली. “लग्नात लावला होता का?” त्याने विचारलं. मी ‘हो’ म्हणालो.

शेवटी मान खाली घातली. बाराचे सहा डेसिबल केले, म्हणजे ४० च्या ऐवजी ५६ हर्ट्झ, आणि भाडं सोळापटीवरून चौपटीवर. ऐकू न येणाऱ्या हालचाली अडवायला सर्किटाच्या तोंडाशी एक फिल्टर बसवला. हे सगळं त्या जर्मन गृहस्थांच्या शिष्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं, पण मी आकृती बघून मजकूर सोडतो. जिलबीच्या कृतीतही मी तेच केलं होतं.

परवा संध्याकाळी रुद्रवीणेची रेकॉर्ड लावली. संथ आलाप, मंद्र सप्तकातला. डोळे मिटून बसलो आणि हळूहळू जाणवलं, की वीणेच्या सुरांखाली आणखी एक स्वर आहे. अखंड, भरीव, फरशीतून तळपायांना कळणारा. पन्नासाच्या जरा खाली, मी अंदाज बांधला. घुणघुण नव्हे ती, घुणघुण मी ओळखतो. इतकी वर्षं ही रेकॉर्ड ऐकतोय आणि हा स्वर मला कधी ऐकूच आला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. मी हिला हाक मारली.

ही हातातला झारा घेऊन आली, दारात उभी राहिली, तिने कान दिला.

“ऐकलंस? किती खाली आहे बघ.”

“आहे खरा खाली,” ती म्हणाली. “तासभर चालू आहे. टाकी कधीच भरली असेल, आधी मोटर बंद करा.”

मी चपला घातल्या आणि तीन मजले खाली गेलो. मोटर बंद केली, आणि जिन्याच्या दिव्यात तिच्या अंगावरचा पत्रा वाचला. मिनिटाला २८८० फेरे. भागिले साठ, अठ्ठेचाळीस. पन्नासाच्या जरा खाली.