टकटक

नाना कुणाकडेही गेले की आधी बसत नाहीत. चपला काढता काढताच त्यांचा उजवा हात चौकटीकडे जातो आणि बोटाच्या पेरानं ते तीनदा वाजवतात. टक, टक, टक. मग मान तिरकी करून ऐकतात, तंबोरा लावणाऱ्या गवयासारखे. घरातली माणसं "या, या" म्हणत ताटकळतात. नाना गुडघ्यापर्यंत एक फेरी घेतात, मग कमरेपर्यंत दुसरी. त्याच्या वर सहसा जात नाहीत, कारण "ती खालनंच येते." ती म्हणजे वाळवी. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं नाना तिचं घेत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी हा माणूस असा नव्हता. कोथरूडच्या आमच्या सोसायटीतले तळमजल्यावरचे निवृत्त गृहस्थ, आणि सागवानाचे अभिमानी, एवढीच त्यांची ओळख होती. 1986 साली फ्लॅट घेताना बिल्डरची चौकट नाकारून त्यांनी स्वतः सागवान निवडून आणलं होतं. ही हकिकत ऐकल्याशिवाय त्यांच्याकडे चहा मिळत नसे. "सागाला काही होत नाही," असं म्हणून ते चौकटीवर थाप मारत. एका संध्याकाळी माझ्यादेखत त्यांनी अशीच थाप मारली आणि अंगठा मुळापर्यंत आत गेला. बाहेर ऑइलपेंटचा पापुद्रा अगदी तुकतुकीत, आत नुसती ओलसर माती. नानांनी अंगठा बाहेर काढला, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मुंग्या असतील."

सागाबद्दलचं त्यांचं म्हणणं तसं चूक नव्हतं. पण ते गाभ्याच्या लाकडापुरतं. खोडाच्या बाहेरच्या फिकट भागाला वाळवी खुशाल लागते. सुतारानं 1986 साली कुठला भाग गळ्यात मारला होता, ते नानांना त्या अंगठ्यानं सांगितलं.

मग घरगुती उपायांचं पर्व आलं. रॉकेल, कडुलिंबाचं तेल, हिंगाचं पाणी. नातवाच्या औषधाची पिचकारी घेऊन नाना दुपारभर चौकटीला इंजेक्शनं देत बसत. रात्री वाचन. त्यात त्यांना कळलं की वाळवी ही मुंगी नव्हेच, ती झुरळाच्या कुळातली. हे त्यांनी सगळ्या सोसायटीला सांगितलं. काकू एवढंच म्हणाल्या, "तरीच. झुरळांचे पाहुणे म्हणून तीन महिने सरबराई चाललीय."

तीन महिन्यांत पाहुणे चौकटीतून पॅसेजमधल्या कपाटात पोचले. भिंतीवर पेन्सिलीएवढी जाड मातीची नळी चढत गेलेली. उजेड आणि कोरडी हवा सोसत नाही म्हणून ही मंडळी स्वतःचा बोगदा बांधतच पुढे सरकतात. कपाटाच्या खालच्या कप्प्यात नानांचे चाळीसेक वर्षांचे दिवाळी अंक होते, सालवार, सुतळीनं बांधलेले. मी गठ्ठा उचलायला मदत केली, तर तो विटेसारखा एकसंध हातात आला. पानं मातीनं एकमेकांना चिकटलेली, मधे नदीच्या पात्रांसारख्या वळणावळणाच्या खोबणी. नाना जमिनीवर बसले. बराच वेळ बोलले नाहीत. त्या दिवसाची चेष्टा मी अजूनही करत नाही.

पण दुसऱ्या दिवशी पेस्ट कंट्रोलवाला आला आणि नाना पूर्ववत झाले. भिंतीच्या कडेनं फूट-फूट अंतरावर ड्रिलनं भोकं पाडायची, औषध सोडायचं, वर पांढरं सिमेंट भरायचं, असं ते काम. नाना मोजपट्टी घेऊन मागोमाग रांगत होते. "हे तेरा इंचांवर आलं. ती काय एका इंचातनं येऊ शकत नाही?" पोरगा बिचारा घामाघूम. शेवटी एकूण भोकांची संख्या बिलावर लिहून घेतली, मगच पैसे दिले. हमीचा कागद लॅमिनेट करून स्टीलच्या डब्यात ठेवलाय. डबा पूर्वी चकलीचा होता.

नवं कपाट करताना दुकानदारानं मरीन प्लाय दाखवला. नाना म्हणाले, "हा पाण्याला टिकतो, ठीक. पण माझं कपाट कुठं समुद्रात चाललंय? आत वाळवीचं औषध मारलंय का ते सांगा." प्रश्न बिनतोड होता. उलट टपाली उत्तर म्हणून दुकानदारानं भाव वाढवून सांगितला.

भावावरून आठवलं. एकूण खर्च किती झाला, हा आमच्याकडे इतिहाससंशोधनाचा विषय आहे. पावसाळ्यात तो 46 हजार होता. गणपतीत 70 झाला. दिवाळीला "मनस्ताप धरून" लाखावर गेला. आता नाना दीड लाख सांगतात, आणि सांगताना आवाजात असा काही भारदस्तपणा येतो, की जणू रक्कम गेलेली नसून कुठंतरी व्याजानं लावलेली आहे. आयुष्यभर रिक्षाचा एक रुपया न सोडलेल्या माणसाला एवढा खर्च प्रथमच मिरवायला मिळालाय. समोरच्यानं हळहळून "बाप रे" म्हटलं की नाना पाकिटातून एक जुनं कात्रण काढतात. 2011 साली उत्तर प्रदेशात बाराबंकी जिल्ह्यातल्या एका बँकेत वाळवीनं कोटभर रुपयांच्या नोटा फस्त केल्या, त्याची बातमी. "तिजोरीतल्या!" असं म्हणून ते घडी घालतात. बँकेच्या जोडीला बसल्याचं समाधान चेहऱ्यावर असतं.

खरा मोसम जूनचा. पहिला पाऊस पडून गेला की तिन्हीसांजेला पंखवाली वाळवी जमिनीतून उठते आणि दिव्यांवर झेपावते. पंख गाळून त्यातलं एक जोडपं जरी योग्य मातीत शिरलं, तरी नवं राज्य सुरू. पुढं राणी वर्षानुवर्षं जगते, दिवसाला हजारो अंडी घालते. हे सांगताना नानांच्या सुरात काकूंच्या कानाला टोचेल इतका आदर असतो.

यंदा पाऊस पडला आणि सोसायटीच्या ग्रुपवर नानांचा हुकूम आला : "सर्वांनी दिवे त्वरित बंद करावेत. खिडक्या लावाव्यात." आम्ही निमूटपणे केलं. पोरं अंधारात अभ्यास बुडाल्याच्या आनंदात. गॅलरीतून खाली वाकून बघितलं, तर सगळी इमारत काळीभोर आणि नानांच्या अंगणात शंभराचा बल्ब लख्ख पेटलेला. खाली पाण्यानं भरलेली पितळी परात. शेजारी स्टुलावर नाना, चष्मा नाकावर, हातात वही.

नऊ वाजता फोन आला.

"312. तुमच्याकडे किती?"

"आमचे दिवे बंद होते नाना. तुम्हीच सांगितलंत."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग जरा हिरमुसून, "तरी? अंदाजे?"