डिकन्सच्या घरचा पाहुणा

‘या एकदा आमच्याकडे’ हे वाक्य आपण निरोप घेताना, चपलेत पाय सरकवता सरकवता रोज बोलतो. ऐकणारा ते मनावर घेत नाही, म्हणून तर संसार चालतात. चार्ल्स डिकन्सने असंच एक आमंत्रण पत्रातून धाडलं आणि हान्स क्रिश्चन अँडरसनने ते मनावर घेतलं.

दोघांची ओळख १८४७ची, लंडनमधली. पुढची दहा वर्षं मैत्री पत्रांवर छान टिकली. मग जून १८५७मध्ये हा बावन्न वर्षांचा डॅनिश परीकथाकार डिकन्सच्या केंटमधल्या गॅड्स हिलच्या घरी दाखल झाला. बोलणं पंधरवड्याचं झालं होतं. मुक्काम पाच आठवडे हलला नाही.

पहिली ठिणगी दाढीवरून पडली. सकाळी पाहुण्याची दाढी यजमानाच्या मुलाने करावी, अशी आमच्याकडे रीत आहे म्हणे! थोरल्या चार्लीने साफ नकार दिला. मग पाहुण्याची वरात रोज रॉचेस्टरच्या न्हाव्याकडे.

भाषेचा आनंद वेगळाच. अँडरसनची इंग्रजी कोणाला कळत नव्हती, फ्रेंच त्याहून नाही. त्याला डॅनिशसुद्धा येत नाही असं त्याची अनुवादिकाच सांगते, अशी मल्लिनाथी डिकन्सने एका पत्रात केली. एकदा लंडनमध्ये गाडीवाल्याने अनोळखी रस्ता धरला. हा आपल्याला लुटणार, या भीतीने अँडरसनने घड्याळ, पैसे, रेल्वेचं वेळापत्रक, कात्री, चाकू, परिचयपत्रं असं सगळं बुटात कोंबलं आणि घरी लंगडत आला. त्या बुटात पायाला जागा कुठे उरली होती, हे डिकन्सलाही सांगता आलं नसतं.

पण माणूस लबाड नव्हता. मुलांसाठी कागदाची सुंदर नक्षी कापून द्यायचा. आपल्या कादंबरीवर वाईट परीक्षण आलं तेव्हा हिरवळीवर पालथा पडून ढसाढसा रडला. डिकन्सने समजूत घातली, वाळूत पायाने रेघोट्या ओढल्या, ‘ही टीका’ म्हणाला आणि पुसून टाकल्या. यजमान म्हणून डिकन्स इथे शंभर टक्के पास.

पाहुणा गेल्यावर डिकन्सने खोलीतल्या आरशावर चिठ्ठी डकवली : अँडरसन इथे पाच आठवडे झोपला, घरच्यांना ती युगं वाटली.

गंमत अशी, की त्या पाच आठवड्यांत यजमानाने पाहुणा पुरता ओळखला. पाहुण्याला यजमान कळलाच नाही. अँडरसनने नंतर या घरातल्या सुखी संसाराचं तोंड भरून वर्णन केलं. खरं तर त्याच्या डोळ्यांदेखत तो संसार मोडत होता. १८५८मध्ये डिकन्स आणि त्याची बायको कॅथरीन वेगळे झाले.

डिकन्सने अँडरसनच्या पत्रांना उत्तर देणंही पुढे बंद केलं. का, ते अँडरसनला अखेरपर्यंत उमगलं नाही.