चिमणीची किंमत

होडी विकायचं ठरलं तेव्हा किंमत ठरवणं हा मला त्यातला किरकोळ भाग वाटला होता. माझ्याकडे वही होती. २००९ साली होडी घेतली त्या दिवसापासून तिच्यावर खर्चलेला डॉलर न् डॉलर त्या वहीत आहे, अगदी दोरीला लावायच्या कड्यांसकट. शेवटच्या पानावर बेरीज केली. १२,०८० डॉलर. पंधरा वर्षांचा घसारा म्हणून सरळ अर्धी रक्कम कापली आणि स्वतःच्या उदारपणाने थोडा भारावलो. मग समोरचा घासाघीस करणारच म्हणून पाचेकशे परत चढवले. साडेसहा हजार.

बायकोने आकडा ऐकला आणि विचारलं, "यात होडीबरोबर आपणही जायचंय का?"

होडीचं नाव चिमणी. मिशिगनमध्ये लेक सेंट क्लेअर नावाचं एक तळं आहे, ह्यूरन आणि ईरी या दोन अवाढव्य सरोवरांच्या मधे. थोरल्या दोन भावांमध्ये बसलेल्या शेंडेफळासारखं ते दिसतं. पसारा मोठा, पण सरासरी खोली जेमतेम अकरा फूट. तिथे दर उन्हाळ्यात ही चिमणी भिरभिरायची, म्हणून ते नाव. मागच्या बाजूला इंग्रजी अक्षरांत रंगवूनही घेतलं होतं. त्यामुळे पंधरा वर्षं धक्क्यावरची मंडळी तिला 'धुराडं' समजत होती. जाहिरात दिल्यावर आलेल्या पहिल्या फोनवरच्या गृहस्थाचा पहिला प्रश्न होता, "इंजिन धूर टाकतं का?"

जात म्हणाल तर कॅटालिना २२. फ्रँक बटलर यांच्या कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात १९६९ पासून या होड्या बनायला लागल्या आणि पंधरा हजारांहून जास्त बनल्या. साडेएकवीस फूट लांबी, एक डोलकाठी, दोन शिडं आणि पोटाखाली साडेपाचशे पौंडांची लोखंडी कील. ही कील विंच फिरवून वर घेता येते, त्यामुळे होडी उथळ पाण्यात अडत नाही आणि ट्रेलरवर बसून मुकाट घरी येते. विकणाऱ्याच्या दृष्टीने यातला पंधरा हजार हा आकडा सगळ्यात जाचक. तुमच्या घरात ती एकुलती एक असते, पण बाजारात तिच्या पंधरा हजार बहिणी उभ्या असतात.

मुळात आमच्या घराण्याचा आणि पाण्याचा संबंध नळाच्या वेळेपुरता. आम्ही पुण्याचे. सारसबागेतला गणपती तळ्यातला, पण आमच्या वाट्याला त्याच्याभोवती तळ्याऐवजी भेळ आली. होडी घेतल्याचं आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पानशेतच्या वेळी पाणी पाहिलंस ते पुरलं नाही का?" १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा मी चार महिन्यांचा होतो. म्हणजे पाण्याचा माझा पूर्वानुभव एवढाच.

वापरलेल्या वस्तूच्या किमतीबद्दलचे माझे संस्कार मात्र पक्के होते, आणि घोळ तिथेच झाला. मी वाढलो त्या काळात बजाजच्या स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. ज्याला थांबायचं नसेल त्याने किमतीवर 'ऑन' द्यायचा. वडिलांनी सात वर्षं वापरलेली स्कूटर विकली ती घेतली त्याहून जास्त किमतीला, आणि घेणारा वर पेढे देऊन गेला. वस्तू जुनी झाली की स्वस्त होते, हे त्यामुळे मला शिकवलंच गेलं नाही. वस्तू जुनी झाली की 'मुरलेली' होते, असंच मी धरून चाललो होतो. लोणचं, तंबोरा, स्कूटर. त्या रांगेत होडीही बसवली.

अमेरिकेत जुन्या गाड्या-होड्यांच्या भावाचं एक पुस्तक असे. त्याचं नाव नाडा. आता ते दुसऱ्या कंपनीकडे गेलंय, पण जुनी मंडळी अजून नाडाच म्हणतात. वर्ष, बनावट, लांबी सांगितली की तो आकडा सांगतो. हे मला नाडी-भविष्यासारखं वाटलं आणि मी श्रद्धेने बसलो. १९८६ सालच्या माझ्या होडीला नाड्याने जो भाव दिला तो वाचल्यावर नाडा आणि नाडणं या शब्दांचं मूळ एकच असणार याची खात्री पटली. मग मी जाहिराती चाळल्या. अडीच हजारांपासून साडेपाच हजारांपर्यंत. मी अर्थातच साडेपाचवाल्याच्या बाजूने झालो. ती जाहिरात दोन वर्षं तशीच पडून आहे, हे नंतर कळलं. जाहिरातीतला भाव हा न विकल्या गेलेल्या होडीचा भाव असतो. विकलेलीचा भाव घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला माहीत, आणि दोघंही तो सांगताना आपापल्या सोयीने बदलतात.

त्यात मी जाहिरात दिली सप्टेंबरअखेर. मिशिगनमध्ये सप्टेंबरात होडी विकायला काढणं म्हणजे तुळशीचं लग्न झाल्यावर आकाशकंदील विकायला बसणं. होडी यार्डात ताडपत्रीखाली गेली. यार्डवाला फुटावर भाडं घेतो, तेही आगाऊ. मी ते वहीत लिहिलं आणि बेरीज वाढली, तशी माझ्या हिशेबाने होडीची किंमतही वाढली. होडीवाल्याच्या आयुष्यात दोनच सुखाचे दिवस, घेतल्याचा आणि विकल्याचा, अशी इथे एक म्हण आहे. म्हण करणाऱ्याने त्या दुसऱ्या दिवसाआधीचे आठ महिने जमेस धरलेले दिसत नाहीत.

हिवाळ्यात मुलगी आली. ती अर्थशास्त्र शिकलेली. तिने काहनेमन, नेत्श आणि थेलर यांच्या मगांची गोष्ट सांगितली. काही विद्यार्थ्यांच्या हातात कॉफीचे मग दिले आणि केवढ्याला विकाल असं विचारलं. साधारण सात डॉलर. ज्यांना मग मिळाले नव्हते त्यांना केवढ्याला घ्याल असं विचारलं, तर तीन डॉलरांच्याही आत. मग तोच, आणि तो हातात येऊन थोडाच वेळ झालेला.

"तुझ्याकडे तर पंधरा वर्षं आहे, बाबा," ती म्हणाली.

मी म्हटलं, मगाला शीड नसतं. पण तीर लागला होता.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं आणि फोन सुरू झाले. बहुतेकांचा एकच निरोप: शेवटचा भाव बोला. होडी न पाहता शेवटचा भाव. एक जण पाहायला आला तो कागदांवर जास्त बोलला. इथे वीस फूट किंवा त्याहून लांब होडीला मोटारीसारखं टायटल असतं, ते बदलून घेताना घेणाऱ्याला सहा टक्के कर पडतो. तो म्हणाला, "कागदावर पाचशे लिहू या." मला एकदम पुण्यात फ्लॅट घेत असल्यासारखं घरगुती वाटलं. तरी नाही म्हटलं. त्याला प्रामाणिकपणा थोडा, आणि माझी चिमणी सरकारदरबारी पाचशेची नोंदली जाणार हा अपमान बराचसा कारण होता.

आणि मग तो हातोडीवाला आला. मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, सत्तरीचा, खिशात प्लास्टिकची छोटी हातोडी. भावाचा विषय न काढता त्याने डेक वाजवायला सुरुवात केली. मंडईत कलिंगड वाजवून घेतात तसं, वीत-वीत अंतरावर. टक्, टक्, टक्. डोलकाठीच्या बुंध्यापाशी आवाज बदलला. डब्. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पुन्हा वाजवलं. डब्. फायबरच्या दोन थरांत प्लायवूड असतं. स्क्रूच्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी झिरपलं की ते आतल्या आत कुजतं, वर रंग मात्र झकास राहतो. मग तो होडीखाली शिरला आणि कील धरून आडवी हलवली. तिच्या खिळीने खाल्लेला भाग त्याला हाताला कळला. विंचच्या केबलवरून त्याने चिंधी फिरवली, ती दोन ठिकाणी अडकली. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा कधी बदलल्या, असं विचारलं. मी वही उघडली. बदलल्या नव्हत्या. शेवटी ट्रेलरच्या टायरांकडे वळला. टायर माझा अभिमानाचा विषय, नक्षी नव्यासारखी. त्याने बाजूवरचे चार आकडे वाचले: २३१४. म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. टायरला जन्मदाखला असतो हे मला चौसष्टाव्या वर्षी कळलं.

दोन तासांनी तो म्हणाला, तेवीसशे.

मी त्याच्यापुढे वही धरली. ही नवी शिडं, ही चार-स्ट्रोकची मोटर, ती तर एकटीच हजाराला जाईल. शिवाय होडी जन्मभर गोड्या पाण्यात, खाऱ्या पाण्याचं तोंड तिने पाहिलेलं नाही. त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि स्वतःची चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. तिच्यावरही खर्चच होते, त्याला पुढे करावे लागणारे. माझ्या वहीला तो उत्तर देत नव्हता. ती वही जिथे संपली तिथून त्याने पुढे लिहायला घेतली होती. मी विचार करतो म्हटलं आणि त्याला कॉफी दिली. मगातून.

त्या रात्री झोप लागली नाही. भाव कमी आला म्हणून नव्हे. २००९ आठवलं म्हणून.

त्या वर्षी डेट्रॉईटच्या जनरल मोटर्सने दिवाळखोरी जाहीर केली आणि दारोदार होड्या विकायला निघाल्या. मी ज्याच्याकडे गेलो त्याची नोकरी मार्चमध्ये गेलेली. मागत होता चार हजार. हातोडी माझ्याकडे नव्हती, पण पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार घडलेली जीभ होती. मी कीलला गंज दाखवला, शिडावरचं ठिगळ दाखवलं, "आणखी दोन ठिकाणी पाहतोय" म्हटलं. सव्वीसशेला आणली. पुढे कित्येक वर्षं गणपतीत, दिवाळीत, कोणाच्या बारशात मी ही गोष्ट रंगवून सांगितली. त्यात एक तपशील मी नेहमी गाळायचो. ट्रेलर वळणावर पोचला तेव्हा मी आरशात पाहिलं होतं. तो माणूस रस्त्याच्या कडेला तसाच उभा होता, आणि त्याच्या हातात होडीवरचा एक उशीचा अभ्रा होता, द्यायचा राहिलेला. मी थांबलो नाही. थांबलो तर भाव बदलेल अशी भीती वाटली.

सकाळी जाहिरातीतला आकडा बदलून मी अडतीसशे केला.

मग आमच्या महाराष्ट्र मंडळातला एक मुलगा आला. मुलगा म्हणजे तिशीचा, सोलापूरचा, जिथे नळाला चार-चार दिवसांनी पाणी यायचं. त्यामुळे पाण्याचं अप्रूप डोळ्यांत मावत नव्हतं. मी मनातून धास्तावलो. ओळखीच्या माणसाला वस्तू विकणं ही फार अवघड गोष्ट. महाग दिली तर 'आपल्या माणसाला लुबाडलं', स्वस्त दिली तर 'काहीतरी खोट असणार'. आणि ती मोडली तर दर गणेशोत्सवात आरतीच्या रांगेत तिची चौकशी. तो होडीभोवती एक चक्कर मारून आला, हातात चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही, आणि म्हणाला:

"काका, तुम्ही सांगाल ते."

घासाघिशीच्या शास्त्रात यापेक्षा घातक वाक्य नाही. समोरचा लढायलाच तयार नसेल तर आपली सगळी तयारी आपल्यावरच उलटते. मी अडतीसशे म्हणालो आणि तो चेकबुक काढायला लागला. मी घाईघाईने त्याला थांबवलं. "अरे, आधी हे ऐक," म्हणून हातोडी नव्हती तर मुठीने डेक वाजवला. डब्. कील हलवून दाखवली. केबल दाखवली. टायरचा जन्मदाखला वाचून दाखवला, जणू काही मीच तो शोध लावला होता. दोषागणिक रक्कम उतरवत मी एकोणतीसशेवर आलो. बायको खिडकीतून बघत होती. नंतर ती म्हणाली, की तुझा आवाज ऐकून वाटलं होडी तूच विकत घेतोयस.

"नाही हो काका, एकतीसशे तरी घ्या," मुलगा म्हणाला.

"एकोणतीस."

"मला बरं नाही वाटणार."

शेवटी तीन हजारांवर थांबलो, दोघंही किंचित नाराज. कागदावर तीनच हजार लिहिले. हातोडीवाल्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, चांगला भाव आला, आणि त्या मुलाला आधी टायर बदलायला सांग.

जाता जाता मुलाने विचारलं, "शिकवाल ना, काका?" हे किमतीत धरलेलं नव्हतं. आता मे महिन्यापासून दर शनिवारी मी तळ्यावर असतो. सुकाणू त्याच्या हातात, मी पाहुण्यासारखा बाजूला. पैसे मोजून घेऊन दिलेल्या होडीत फुकट बसायला मिळतं आणि वहीत काही लिहावं लागत नाही. गेल्या शनिवारी परतताना धक्क्याजवळ त्याने कील वर घ्यायला विंच फिरवला. तिसऱ्या वेढ्याला खाली काहीतरी कडाडलं, विंच एकदम हलका फिरायला लागला आणि साडेपाचशे पौंडांची कील धाडकन खाली गेली. केबल. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो काहीच बोलला नाही. पाकिटाकडे आधी हात गेला तो माझाच.