मॅकरोनीवर मिळालेला कालवा

"काय गं स्मिता, नवऱ्याचा फोन? कुठवर पोचलंय त्यांचं जहाज?"

"हो काकू. काल सुएझ पार केला. पोर्ट सईदहून बोलत होते."

"सईद! त्या सईदचीच तर सगळी करणी. लहानपणी भलताच गुटगुटीत होता म्हणे. बाप महंमद अली, इजिप्तचा सर्वेसर्वा. त्यानं पोराचं जेवण तोडलं, वर गलबताच्या डोलकाठीवर चढउतार करायला लावलं. तेव्हा फ्रेंच वकिलातीतला फर्दिनांद द लेसेप्स त्याला गुपचूप मॅकरोनी खाऊ घालायचा, असं सांगतात."

"अय्या! मग?"

"मग काय, 1854 साली सईद गादीवर बसला आणि लेसेप्स धावत तिथं हजर. नोव्हेंबरात कालव्याची परवानगी खिशात! पठ्ठ्या खाल्ल्या मिठाला जागला."

"इंजिनिअर होता का हा लेसेप्स?"

"छे गं! पण गळ घालण्यात पटाईत. कंपनीचे शेअर काढले, तर इंग्रजांनी नाकं मुरडली. न खपलेले सगळे सईदच्या गळ्यात मारले."

"आणि खणलं कुणी?"

"कोण खणणार? तिथले शेतकरी. 1859 च्या एप्रिलात काम सुरू झालं. गावोगावची माणसं वेठीला धरायची, महिन्याला वीसेक हजार. एक तुकडी खणत्येय, दुसरी वाटेवर, तिसरी घरी परतत्येय. मेंझाला तळ्यात तर नुसता चिखल. तो हातांनी उपसायचा, छातीशी दाबून पाणी पिळायचं आणि गोळे काठावर रचायचे. नाइलचा पाट येईस्तोवर प्यायचं पाणीही उंटावरून."

"शिव शिव! कुणीच काही बोललं नाही?"

"सईदमागून आलेला इस्माईल बोलला ना. वेठ बंद म्हणाला. कंपनीनं भरपाई मागितली. पंच नेमला फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन. आणि त्याची बायको युजेनी ही लेसेप्सच्या नात्यातली!"

"मग निकाल ठरलेलाच."

"8 कोटी 40 लाख फ्रँक इजिप्तच्या बोकांडी!"

"चोर सोडून संन्याशाला फाशी."

"पुढे वाफेचे ड्रेजर आले, तेव्हा कुठे काम झपाट्यानं उरकलं. 17 नोव्हेंबर 1869 ला उद्घाटन, युजेनी जातीनं हजर. आणि आठवड्याभरानं लेसेप्सनं तिथेच लग्न उरकलं. स्वतः 64 चा, नवरी विशीतली. पुढे बारा मुलं!"

"बाई बाई, हौस म्हणायची का काय!"

"आपल्या मुंबईचं मात्र फावलं. आफ्रिकेचा वळसा वाचला, लंडन चार हजारांवर सागरी मैलांनी जवळ आलं."

"आणि इजिप्तचं?"

"कर्जानं कंबरडं मोडलं. 1875 साली इस्माईलनं आपले शेअर 40 लाख पौंडांना फुंकले. घेतले कुणी? त्याच नाकं मुरडणाऱ्या इंग्रजांनी! 1882 साली तर फौजच घुसवली. इजिप्तचा राष्ट्राध्यक्ष नासर यानं कालवा परत घेतला तो 1956 च्या जुलैत."

"म्हणजे घाम इजिप्तचा, कर्ज इजिप्तचं आणि नाव लेसेप्सचं!"

"पुतळाही होता हो त्याचा, पोर्ट सईदच्या धक्क्यावर. 1956 च्याच डिसेंबरात लोकांनी सुरुंग लावून खाली आणला."