एका पँटचे दोन खिसे

भोसरीच्या कारखान्यात सव्वीस वर्षं मेंटेनन्स सांभाळून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हा घरच्यांना वाटलं की आता हा माणूस सकाळी टेकडीवर जाईल आणि दुपारी झोपेल. दोन्ही गोष्टी मी आठवडाभर करून पाहिल्या. आठव्या दिवशी शेजारच्या काकूंचा पाण्याचा फिल्टर गळायला लागला. मी तो पाच मिनिटांत बंद केला. काकूंनी शंभराची नोट पुढे केली, मी "अहो, राहू द्या" म्हटलं आणि घरी येऊन पाहतो तो नोट माझ्या खिशात. तोंड नको म्हणत असताना हाताने ती परस्पर घेतली होती. माझ्या धंद्याची स्थापना ही अशी झाली.

कोथरूडमध्ये घर तिथे फिल्टर आणि फिल्टर तिथे तक्रार, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. हिशेब मी कालनिर्णयाच्या चौकटींत लिहीत असे. 'संकष्टी, चंद्रोदय' याच्या खाली 'तिसरा मजला, मेंब्रेन, १८०० बाकी'. तीन महिने हे छान चाललं. मग महिना संपल्यावर सौ.ने पान उलटण्याऐवजी फाडलं आणि त्यात बेसनलाडू बांधून नणंदेकडे पाठवले. माझी नोव्हेंबरची सगळी येणी साताऱ्याला गेली.

तेव्हा सगळे एकमुखाने म्हणाले, "टॅली घ्या."

आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा आणि नकलेला झेरॉक्स म्हणतात, तसं हिशेबाच्या कुठल्याही सॉफ्टवेअरला टॅली म्हणतात. मी जे घेतलं त्याचं खरं नाव सांगणार नाही, कारण पुढे येणारे सगळे घोटाळे माझे आहेत आणि त्या बिचाऱ्याचा त्यात काडीचाही दोष नाही. मूळची टॅली निघाली बंगळुरूत, १९८६ साली. श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या व्यवसायाच्या हिशेबासाठी मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलालाच, भरत गोएंकांना, कामाला लावलं. त्या मुलाला २०२० साली पद्मश्री मिळाली. मी माझ्या मुलाला प्रिंटर जोडायला सांगून दोन दिवाळ्या झाल्या.

मराठी माणसाला टॅली हा शब्द परका वाटतच नाही. ताळा, ताळमेळ, ताळेबंद, ताळतंत्र ही सगळी त्याची भावकीच वाटते. पैकी शेवटचं मी सोडलं होतं, एवढंच.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला भाचा लॅपटॉपवर ते सॉफ्टवेअर घालून द्यायला आला. पहिलाच प्रश्न आला कंपनीच्या नावाचा, आणि तिथे दोन दिवस गेले. कुलदैवताचं नाव द्यावं तर त्याच नावाची आमच्या गल्लीत पोळीभाजी केंद्रं दोन. शेवटी आडनावाला 'सर्व्हिसेस' जोडलं. आत मी एकटाच, तरी अनेकवचन. मग मी उत्साहाने आरंभीच्या शिलका भरल्या. हत्यारं १८,०००, लॅपटॉप ३२,०००, रोख १०,०००, बँकेत ४०,०००. बेरीज बरोब्बर एक लाख. एंटर मारलं आणि ताळेबंद उघडला, तर तिथे एक ओळ उभी: आरंभीच्या शिलकांत फरक, १,००,०००.

धंदा सुरू होऊन एक मिनिट झालं नव्हतं आणि लाखाची तूट! मी रात्रभर जागा होतो. सकाळी भाचा आला.

"मामा, भांडवल कुठंय?"

"हे काय, सगळं लिहिलंय की. हत्यारं, लॅपटॉप..."

"ही मालमत्ता झाली. भांडवल देण्यांच्या बाजूला येतं."

"देणं? कोणाचं देणं? मी आयुष्यात कोणाचा पैसा बुडवलेला नाही."

"तू नाही रे, धंदा देणं लागतो. तुझं."

"धंदा म्हणजे मीच ना?"

"नाही," भाचा म्हणाला. "तू वेगळा, धंदा वेगळा. तू त्याला एक लाख दिलेस. तो तुझा ऋणको, तू त्याचा धनको."

भाचा सांगत होता ते काही नवं नाही. लूका पाचोली नावाच्या इटालियन धर्मगुरूने १४९४ साली व्हेनिसमध्ये गणिताचा एक मोठा ग्रंथ छापला आणि त्यात ही दुहेरी नोंदीची पद्धत सविस्तर मांडली. व्हेनिसचे व्यापारी ती आधीपासून वापरत होतेच. पाचोली संन्यासी होता, हे लक्षात घ्यायला हवं. 'मी' आणि 'माझं' वेगळं करणं त्याला जड गेलं नसणार. माझी अडचण अशी, की मी आणि माझा धंदा एकच पँट घालतो.

त्यावर मी उपाय केला. शिंप्याकडे जाऊन पक्कं ठरवून आलो: डावा खिसा धंद्याचा, उजवा घरचा, आणि डाव्याला चेन. शिंप्याने काहीच विचारलं नाही. निवृत्त माणसं त्याच्याकडे बरीच येत असावीत.

आता रोजचे व्यवहार सोपे व्हायला हवे होते. पण बँकेने घोळ घातला, म्हणजे माझ्या डोक्यात. मोबाइलवर निरोप येतो, 'आपल्या खात्यात ५०० रुपये जमा.' मी आनंदाने सॉफ्टवेअरात बँक जमा केली. भाचा म्हणाला, ती नावे टाकायची. जे जमा झालं ते नावे? हो. कारण बँक तो निरोप तिच्या वहीतून पाठवते. तिच्या वहीत तू तिचा धनको, म्हणून जमा. तुझ्या वहीत बँक तुझी ऋणको, म्हणून नावे. आणखी गंमत म्हणजे माझ्या आजोबांच्या किराणा दुकानाच्या लाल वहीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे असायचं. इंग्रजी पद्धतीत बरोबर उलटं. आजोबांचं रक्त डावीकडे ओढतं, भाचा उजवीकडे, आणि मी मधल्या उभ्या रेघेवर बसून फिल्टर दुरुस्त करतो.

जीएसटीचं मात्र मी भाच्याला न विचारता केलं. सॉफ्टवेअरने विचारलं, जीएसटी लागू करायचा का? आता 'नाही' म्हणायला कसंतरीच वाटलं. टपरीवाल्यासारखं. मी 'हो' म्हटलं. मग त्याने सेवेचा कोड मागितला. सेवांचे कोड ९९ ने सुरू होतात आणि देखभाल-दुरुस्तीची सेवा ९९८७ च्या खाली येते, हे मी शोधून काढलं तेव्हा मला आपण सरकारदरबारी आहोत असं वाटून अंगावर मूठभर मांस चढलं. पहिलं छापील बिल निघालं: सेवाशुल्क ५००, केंद्राचा कर ४५, राज्याचा ४५, एकूण ५९०. काय देखणं बिल होतं! ते मी घेऊन गेलो चौथ्या मजल्यावरच्या काकूंकडे. या काकू विक्रीकर खात्यातून निवृत्त झालेल्या आहेत, ही माहिती मला आधी असायला हवी होती.

काकूंनी चष्मा लावला. "तुमचा नंबर कुठंय?"

मी मोबाइल नंबर सांगायला लागलो.

"तो नाही. पंधरा आकडी-अक्षरी. महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. तो नसताना कर वसूल करता येत नाही, माहितीये ना?"

सेवेच्या धंद्याला वर्षाच्या २० लाख उलाढालीपर्यंत सहसा नोंदणी करावी लागत नाही. माझी उलाढाल त्या २० लाखांच्या इतकी खाली आहे की तिथून वर पाहिलं तर टोपी पडेल. काकूंनी बिलावर लाल पेनने काट मारली, पाचशे दिले आणि वर चहा दिला. चहाचा घोट घेताना मला जाणवलं की खात्यातून निवृत्त झाल्या तरी त्यांनी लाल पेन परत केलेलं नाही.

जानेवारीत वार्षिक करारांचा हंगाम आला. ज्याला सगळे एएमसी म्हणतात ते. वर्षाचे २,४०० रुपये आगाऊ, बदल्यात मी बारा महिने पळायचं. वीस जणांनी केले. ४८,००० रुपये एकदम! मी कधी नव्हे तो बायकोला विचारलं, तुला काय हवं? ती म्हणाली, वॉशिंग मशीन. २२,००० चं आणलं.

मार्चअखेरीला सीए बाईंकडे गेलो. वयाने माझ्या मुलीएवढ्या, काका म्हणतात, पण आवाज डॉक्टरचा.

"काका, तुमचे यातले १२,०००च."

"आणि ३६,०००?"

"ते पुढच्या नऊ महिन्यांचे. काम व्हायचंय. तोवर ते देणं. आगाऊ मिळालेलं उत्पन्न."

म्हणजे मिळालेलंही आणि माझं नसलेलंही. मी हळूच वॉशिंग मशीनचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हरकत नाही, उचल दाखवू." ऊसतोडीला जाणारी माणसं मुकादमाकडून घेतात ती उचल मला ठाऊक होती. आपण आपलेच मुकादम आणि आपलेच मजूर आहोत, हे त्या दिवशी कळलं. कोयता तेवढा मिळाला नाही.

मग बाईंनी रोजमेळ उघडला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

"काका, १ एप्रिलला तुम्ही त्रेसष्ट घरी गेलात?"

मला कुठे ठाऊक, की नोंद करताना आधी एफ २ दाबून तारीख बदलायची असते! मी न बदलता कामाचे सगळे महिने भरले आणि सगळे आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवशी जाऊन बसले. वहीप्रमाणे मी १ एप्रिलला त्रेसष्ट फिल्टर दुरुस्त केले, सहा वेळा पेट्रोल भरलं, दिवाळीचा फराळ वाटला आणि उरलेले तीनशे चौसष्ट दिवस झोपून होतो. तारीखही नेमकी कुठली, ते पाहा.

घरी मी ही सगळी हकीकत सांगितली. मला सहानुभूती हवी होती. सौ.ने वेगळंच ऐकलं.

"म्हणजे धंदा वेगळा आणि तुम्ही वेगळे?"

"हो."

"मग तो आपल्या हॉलमध्ये बसतो त्याचं भाडं? दिवाणाखाली त्याचा माल असतो त्याचं? गिऱ्हाइकांचे फोन मी घेते त्याचं? तुमच्या त्या भाच्याला दिवसातून दोनदा चहा जातो, तो काय माझ्या माहेरून येतो?"

मला जे समजायला सहा महिने लागले, ते तिने एका दमात आत्मसात केलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तिने डाव्या खिशाची चेन उघडायला सुरुवात केली आणि 'चहा, ४०' अशा चिठ्ठ्या आत ठेवू लागली. चिठ्ठ्या इतक्या चोख, तारखेसकट, की सीए बाई म्हणाल्या, तुमच्या कागदांत एवढेच पुरावे धड आहेत.

एकदा ती पँट त्या मशीनमध्ये धुतली गेली. उचलीतून आलेल्या मशीनने धंद्याचा डावा खिसा धुतला. नोट वाचली, चिठ्ठ्यांचा लगदा झाला. नोट दोरीवर वाळत असताना सौ.ने ती काढून भाजी आणली. डाव्या खिशातली नोट भाजीत गेली, म्हणजे पुन्हा उचल. भाच्याने ती नोंद निमूट केली. त्याला आता मी महिना हजार रुपये देतो, डाव्या खिशातून.

हळूहळू सगळं जुळलं. येणी, देणी, पेट्रोल, कार्बन फिल्टर, चहा. फक्त एक रक्कम जागेवर बसत नाही. जिचा पत्ता लागत नाही अशी रक्कम ठेवायला हिशेबात एक खातं असतं, सस्पेन्स. हे नाव ऐकून मला रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकर आठवले होते, पण आपल्या जुन्या वह्यांत त्याला उचंत खातं म्हणत, आणि मला तोच शब्द जास्त आवडतो. माझ्या उचंत खात्यात ६५० रुपये आहेत. यूपीआयने आलेले. बँकेच्या उताऱ्यात पाठवणाऱ्याचं नाव अर्ध्यात तुटलंय, दिसतं फक्त 'श्रीम'. माझ्या गिऱ्हाइकांत श्रीमती सहा आहेत, श्रीमंत एकही नाही. सहाही जणींना विचारलं. दोघींनी उलट बाकी नसल्याची खात्री करून घेतली आणि एकीने फिल्टर पुन्हा गळतोय म्हणून बोलावून घेतलं.

तेव्हा कोथरूडमधल्या ज्या कोणी गेल्या १४ ऑगस्टला संध्याकाळी फिल्टर दुरुस्त करून घेऊन ६५० रुपये पाठवले असतील, त्यांनी कृपया कळवावं. पावती तयार आहे. तारीख या वेळी बरोबर टाकली आहे.