सार्त्र, धान आणि वाघ

आयुष्याला आपसूक अर्थ नसतो, हे पॅरिसच्या कॉफीगृहात बसून म्हणणं सोयीचं होतं. तिथून घरी परतताना वाटेत वाघ आडवा येत नसे. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीकडे अस्तित्वाचा प्रश्न पडतो तो मोहफुलं वेचायला वाकल्यावर, आणि तोही अगदी रोखठोक. ज्या घरांनी माणसं गमावलीत, त्यांना तर तो कुणी समजावून सांगायला नको.

माणूस आधी असतो आणि आपल्या निवडींतून मग कुणीतरी होतो, असं ज्याँ-पॉल सार्त्रने 1945 च्या व्याख्यानात मांडलं. शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांनी हे धानाच्या बाबतीत करून दाखवलं. तिसरीपर्यंत शाळा, दीड एकर जमीन. 1983 साली बांधीत काही वेगळ्याच लोंब्या दिसल्या, त्या त्यांनी निवडून ठेवल्या, पुन्हा पुन्हा पेरल्या. धान होतं, नाव नव्हतं. पुढे त्याला तेव्हाच्या गाजलेल्या घड्याळाचं नाव चिकटलं: एचएमटी. आधी असणं, मग ओळख. तत्त्वज्ञान शिजवून ताटातच वाढलेलं.

सार्त्रचा समकालीन लेखक काम्यू, त्याचा सिसिफस दगड डोंगरावर ढकलतो, तो गडगडत खाली येतो, की पुन्हा ढकलतो. इथे पऱ्हे टाका, चिखल करा, रोवा, पावसाने दगा दिला तर पुढल्या साली पुन्हा तेच. सिसिफस सुखी आहे अशी कल्पना काम्यूला करावी लागली. रोवणीच्या बायका मात्र कंबर मोडेस्तोवर वाकूनही गाणी म्हणतात, आणि मजुरीचा हिशेबही चुकू देत नाहीत.

धान घरात आलं की आमच्या या झाडीपट्टीची नाटकं रात्र रात्र रंगतात. सार्त्रच्या 1944 च्या एका नाटकात तीन माणसं बंद खोलीत अडकून एकमेकांना छळतात. आमच्या मंडपातूनही उजाडेपर्यंत सुटका नसते, वाट जंगलातली. पण इथे सोबतीचा जाच कुणाला होत नाही. ‘थांबा जी, आम्हीबी येतो,’ अशी हाक आली की सगळे आनंदाने थांबतात.

आपली निवड दुसऱ्यावर ढकलता येत नाही, असं सार्त्र बजावतो. ते मान्यच. फक्त त्या वाटेवर सगळ्यात पुढे कुणी चालायचं, एवढी एक निवड जो तो मोठ्या आदराने दुसऱ्याला देऊ करतो.